पार्श्वभूमी : चीजचे दूध आणि अक्षरांचा घोळ

पुण्यात दुधातल्या प्रथिनांचा विषय निघाला की बोलणे ‘ए२’वर येते आणि तिथेच थांबते. दुधाच्या बाटलीवर ए२, तुपाच्या बरणीवर ए२, चितारलेल्या गीर गाईखाली ए२. चीज करणारा मात्र आधी दुसऱ्याच प्रथिनाची चौकशी करतो. ते कॅपा-केसीन, म्हणजे दुधातल्या केसीन या मुख्य प्रथिनगटातले एक, आणि त्यात त्याला हवे असलेले अक्षर आहे ‘बी’. या दोन अक्षरांची सरमिसळ झाल्यामुळे आपल्याकडे बरेच गैरसमज रुजले आहेत, म्हणून आधी ही अक्षरे आली कुठून ते पाहू.

१९५५ साली ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या गाईंच्या दुधातली प्रथिने विजेच्या प्रवाहाने ओल्या कागदावरून सरकवली. निवळीत, म्हणजे दूध साकळल्यावर सुटणाऱ्या पाण्यात, राहणाऱ्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाचा काही गाईंत एक पट्टा दिसला, काहींत दुसरा, तर काहींत दोन्ही. हा फरक चाऱ्याचा किंवा ऋतूचा नव्हता, तो आईबापांकडून आला होता. पुढच्या दहा वर्षांत केसीनचीही अशीच रूपे सापडली आणि त्यांना नावे द्यायची पद्धत तीच राहिली : जो पट्टा सर्वांत पुढे धावला तो ‘ए’, त्यामागचा ‘बी’, मग ‘सी’. म्हणजे ही शर्यतीतली क्रमवारी होती, तिचा दर्जाशी काही संबंध नव्हता.

१९६६ मध्ये प्रथिने सरकवण्यासाठी आम्लधर्मी जेल वापरल्यावर बीटा-केसीनच्या एकाच ‘ए’ पट्ट्याचे तीन तुकडे दिसले : ए१, ए२ आणि ए३. आज पाकिटावर छापला जाणारा ए२ तो हाच. २०९ अमिनो आम्लांच्या साखळीत ६७व्या जागी ए१मध्ये हिस्टिडीन असते, तर ए२मध्ये प्रोलीन. कॅपा-केसीनचे ‘ए’ आणि ‘बी’ त्याआधीच, १९६४च्या सुमारास ओळखले गेले होते. प्रथिन वेगळे, जनुक वेगळे, अक्षरे मात्र तीच. वर बीटा-केसीनलाही स्वतःचा एक ‘बी’ आहे. त्यामुळे ‘ही गाय ए आहे की बी’ या प्रश्नाला, कोणत्या प्रथिनाबद्दल विचारता ते सांगितल्याशिवाय, काही अर्थ उरत नाही. गोठ्यावरच्या चर्चेत ते क्वचितच सांगितले जाते.

चीजचे गणित कॅपावर का फिरते? दुधातले केसीन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगते आणि त्या गोळ्यांच्या पृष्ठावर कॅपा-केसीनची केसांसारखी लव असते. ती लव गोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवते, म्हणून दूध पातळ राहते. चीजसाठी दूध साकळवणाऱ्या रेनेटमधले कायमोसीन हे विकर कॅपाची साखळी १०५ आणि १०६ या अमिनो आम्लांच्या मध्ये अचूक कापते. लव गळून निवळीत जाते, उघडे पडलेले गोळे कॅल्शियमच्या साथीने एकमेकांना धरतात आणि दूध साकळते. गंमत अशी की ‘ए’ आणि ‘बी’मधला फरक १३६ आणि १४८ या जागांवर, म्हणजे कापून वाहून जाणाऱ्या भागातच आहे. मग उरलेल्यात फरक कसा पडतो? ‘बी’ रूप असलेल्या गाईच्या दुधात कॅपाचे एकूण प्रमाणच जास्त असते आणि गोळे लहान असतात. लहान गोळ्यांची जाळी दाट विणली जाते, सुरी फिरवताना ती फुटत नाही आणि निवळीबरोबर स्निग्धांश कमी निसटतो. दूध लवकर साकळते, घट्ट बसते आणि तेवढ्याच दुधात चीज थोडे जास्त पडते. साधारण दहा लिटरमागे किलोभर चीज मिळत असताना काही टक्क्यांची वाढ कारखान्याच्या ताळेबंदात ठळक दिसते. याउलट कॅपाचे ‘ई’ हे रूप चीजला वाईट. फिनलंडच्या आयरशायर गाईंत ते बरेच आढळले आणि तिथल्या काही गाईंचे दूध रेनेट घालून साकळतच नाही.

हे कळूनही पैदाशीत वापरता येत नव्हते, कारण वळू दूध देत नाही. त्याच्या लेकी वयात येऊन दुभत्या होईपर्यंत त्याचे कॅपा कळायचे नाही आणि तोवर त्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या हजारो कांड्या वापरून झालेल्या असायच्या. १९९० मध्ये डीएनएची प्रत वाढवून कॅपाचे रूप थेट ओळखण्याची रीत प्रसिद्ध झाली. रक्ताचा थेंब किंवा वीर्याची कांडी पुरू लागली. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. इटलीत पार्मेझान चीजच्या प्रांतात ‘बी’ला मागणी आली आणि परदेशी वळूंच्या यादीत कॅपाचा स्वतंत्र रकाना छापला जाऊ लागला.

आपल्याकडे हा रकाना कोणी वाचला नाही, आणि त्याला कारण आहे. चक्का, पनीर, छेना हे सगळे आम्लाने फुटणारे पदार्थ. तिथे लव कापली जात नाही, आम्लाने गोळ्यांवरचा विद्युतभारच मावळतो, त्यामुळे कॅपाचे रूप फारसे आड येत नाही. शिवाय साठच्या दशकाच्या अखेरीपासून उरुळी कांचनहून देशी गाईंच्या परदेशी जातींशी संकराचा जो कार्यक्रम वाढला, त्याचे ध्येय लिटर हे होते. त्या काळाच्या गरजेत ते योग्यही होते. ‘एचएफ’ म्हणजे होल्स्टीनमध्ये कॅपा ‘ए’चे प्राबल्य, जर्सीत ‘बी’ भरपूर, पण शेतकऱ्याने निवड केली ती दुधाच्या बादलीवरून. डेअरीला दूध घालताना भाव मिळतो ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफला (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन भागाला), केसीनच्या जातीला नाही. मंचरच्या बाजूला मोठ्या प्रमाणावर चीज होऊ लागले तेव्हाही टँकरमध्ये सगळे दूध एकत्रच येत होते. साकळणे कमी पडले की चीजवाला कॅल्शियम क्लोराईड घालतो आणि पुढे जातो.

मग आली ए२ची लाट. ए१ दूध आरोग्याला अपायकारक असते, ही नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमध्ये मांडली गेलेली कल्पना ए१ पचताना सुटणाऱ्या एका तुकड्याभोवती फिरते. २००९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने पुरावे तपासले आणि त्या तुकड्याचा आजारांशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असे म्हटले. भारतात मात्र देशी गाय आणि ए२ ही समीकरणे पक्की झाली. देशी गाईंत बीटा-केसीन जवळजवळ सर्वत्र ए२च असते, हे खरेही आहे.

२१ ऑगस्ट २०२४ रोजी देशाच्या अन्न नियामकाने पाकिटांवरून ए१-ए२चे दावे काढायला सांगितले. युक्तिवाद सरळ होता : हा भेद प्रथिनाचा आहे, मग तूप-लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थावर तो लिहिणे दिशाभूल करणारे आहे. पाचच दिवसांत, २६ ऑगस्टला, सल्लामसलतीसाठी म्हणून आदेश मागे घेतला गेला. देशी गाई सांभाळणाऱ्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. खिलार किंवा गीर पाळणे परवडावे म्हणून त्यांना ग्राहकाकडून चार पैसे जास्त हवेत आणि हे अक्षर ते मिळवून देते. तरीही तुपाबाबत आदेशाचे म्हणणे चूक नव्हते. आदेश मागे गेला आणि तुपावरचे अक्षर जिथल्या तिथे राहिले, ग्राहकाला मात्र कोणीच काही समजावून सांगितले नाही.

चीजच्या अंगाने पाहिले तर हा प्रश्न आणखी टोचतो. युरोपातल्या बऱ्याच अभ्यासांत शुद्ध ए२ दूध रेनेटने उशिरा साकळते आणि मऊ बसते असे दिसले. भारतीय वशिंडाच्या गाईंत कॅपाचे ‘ए’ रूप जास्त आहे, म्हणजे देशी दुधाचे चीज करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी हात जपून चालावे लागते. म्हशीचे बीटाही ए२च, पण तिचे कॅपा गाईच्या ‘बी’शी जवळचे आणि केसीन व कॅल्शियम भरपूर, म्हणून मोझरेला तिच्या दुधात छान उतरतो.

केसीनची सगळी जनुके गाईच्या सहाव्या गुणसूत्रावर अगदी शेजारी बसलेली आहेत. एक ओढले की दुसरे सोबत येते. पुणे जिल्ह्यात आता ‘ए२-ए२’ वळूची कांडी मागून घेतली जाते, आणि त्या कांडीतून कालवडीत कॅपाचे ‘ए’ येते की ‘बी’, हे त्याच यादीत शेजारच्या रकान्यात लिहिलेले असते.