आग थांबली म्हणजे पाय बरा झाला, असं नाही

मधुमेह जुना झाला की बरेच जण रात्री पाय पांघरुणाबाहेर काढून झोपतात. तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, चादर लागलेलीही सहन होत नाही. काही वर्षांनी ही आग आपोआप ओसरते. शुगर पूर्वीसारखीच चढलेली, गोळ्याही त्याच, तरी त्रास गेला म्हणून घरातले निर्धास्त होतात. पायाची तपासणी खरं तर तेव्हाच तातडीने करायला हवी, कारण दुखणं कळवणारे मज्जातंतूच निकामी झालेले असू शकतात.

सुरुवात बोटांपासून होते, यामागे शरीराची रचना आहे. अंगठ्याची संवेदना वाहणाऱ्या तंतूची मूळ पेशी कंबरेत, मणक्याजवळ असते आणि तिचा धागा जवळजवळ १ मीटर लांब असतो. धाग्याला लागणारी प्रथिनं पेशीत तयार होतात आणि आतून सरकत टोकापर्यंत जातात. त्यातली काही दिवसाला एखाद-दोन मिलिमीटरच पुढे जातात, म्हणजे अंगठा गाठायला वर्षाहून अधिक काळ! रक्तातली साखर सतत जास्त राहिली की तंतूत साखरेपासून बनणारं सॉर्बिटॉल साचतं, प्रथिनांना साखर चिकटते आणि तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या जाड होतात. एवढ्या लांब वाटेवर पहिली उपासमार टोकाची होणार. म्हणून बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून वर चढतो आणि गुडघ्याच्या आसपास आला की हातांची बोटंही सुन्न होऊ लागतात.

बधिर पायाला नेमकं काय होतं, हे वैद्यकाला शिकवलं ते कुष्ठरोग्यांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं सडून गळतात, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांच्या लक्षात आलं, की ती जखमांमुळे झिजतात. चटका कळत नाही, खडा टोचत नाही, आणि जखम झालेल्या पायावर माणूस न लंगडता चालत राहतो. लंगडणं हा जखमेला विश्रांती देण्याचा शरीराचा स्वतःचा उपाय असतो, तोच इथे बंद पडलेला. म्हणून त्यांनी मऊ रबराचे तळ असलेल्या चपला आणि तळव्यावरचा भार सगळीकडे वाटून देणारं प्लास्टर यांवर भर दिला. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हेच ज्ञान मधुमेहींच्या पायाला लागू झालं. आज मधुमेहाच्या दवाखान्यात मिळणारी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर या मऊ रबराची, चप्पल त्याच परंपरेतली.

दवाखान्यात १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना बघतात. घरी त्याहून सोपी चाचणी होते, ती इंग्लंडमधल्या इप्सविचची. डोळे मिटायला सांगायचे आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट व करंगळी यांच्या टोकांना क्षणभर हलकेच बोट लावायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय बधिर झालाय असं धरून डॉक्टरांकडे जायचं. चालताना चप्पल निसटली तरी कळलं नाही, ही तक्रारही तितकीच बोलकी.

अशा पायाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊ नये. कुरूप घालवणाऱ्या पट्ट्यांत कातडी विरघळवणारं आम्ल असतं, त्याही लावू नयेत. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून बघावा. वारीत किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालण्याबद्दल मी स्पष्टच सांगेन: श्रद्धा कितीही असो, बधिर पायाने ते करू नये. फोड आलेला संध्याकाळपर्यंत कळतही नाही.

आता साखरेचं. अमेरिका-कॅनडात टाइप १ मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणामुळे मज्जातंतूंचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांत, हा फायदा बराच कमी दिसतो. तिथे वजन, रक्तदाब, चरबी आणि तंबाखू यांचाही वाटा आहे. शिवाय घाई नडते. वर्षानुवर्षं चढलेली एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टक्केवारी) तीन महिन्यांत दोनहून जास्त अंकांनी खाली आणली, तर काहींच्या पायांची आग उलट भडकते. इन्सुलिन बाधलं असं समजून लोक ते परस्पर सोडतात. ही आग बहुधा काही महिन्यांत निवते, पण साखर किती वेगाने उतरवायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं बरं.

विकार पोटाच्या मज्जातंतूंपर्यंत गेला, तर हिशेब आणखी अवघड होतो. जठर सावकाश रिकामं होतं. इन्सुलिन वेळेवर काम सुरू करतं, भाकरी मात्र अजून जठरातच, त्यामुळे जेवणानंतर साखर आधी घसरते आणि काही तासांनी उसळते. त्यातच साखर कमी झाल्याची सूचना देणारी धडधड, थरथर, घाम ही लक्षणंही पुसट होत जातात. अशांनी ग्लुकोमीटरवर जास्त वेळा बघावं. अशा वयस्कर माणसांत एचबीएवनसी ७ च्या खाली आणण्याचा हट्ट डॉक्टर म्हणूनच बऱ्याचदा सोडतात.

प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारख्या गोळ्या आग कमी करतात, तंतू दुरुस्त करत नाहीत. मात्र सगळं खापर साखरेवर फोडण्याआधी एक रक्ततपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असण्याची शक्यता असते. त्याच्या अभावानेही पायांना अशाच मुंग्या येतात. हा अभाव भरून काढता येतो, आणि वेळेत सापडला तर गेलेली संवेदना काही अंशी परतही येते.