तडवी भिल्लांचा जमातीचा दाखला: धर्माच्या रकान्याला घाबरू नका

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्याकडच्या तडवी पोरांना अजूनही दाखल्याच्या खिडकीवर ऐकावं लागतं, "मुसलमान ना तुम्ही? मग एसटी कसे?" हे ऐकून परत फिरू नका. धर्माची अट आहे ती अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात. तिथे हिंदू, १९५६पासून शीख आणि १९९०पासून बौद्ध एवढेच बसतात. अनुसूचित जमातींच्या (एसटी) आदेशात ती अट मुळातच नाही, आणि महाराष्ट्राच्या यादीत भिल्लांच्या नोंदीत 'तडवी भिल्ल' स्पष्ट छापलंय. खिडकीमागच्या माणसाला एवढं तरी ठाऊक असायला हवं!

अर्ज सेतूवर भरायचा, दाखला प्रांत (उपविभागीय अधिकारी) देतात; रावेर-यावलसाठी फैजपूरचे. आधार, रेशन कार्ड, प्रतिज्ञापत्र वगैरे सेतूवाला सांगतोच.

गाडी अडते ती आजोबांच्या कागदावर. ६ सप्टेंबर १९५० ही जमातींच्या आदेशाची तारीख अनेकजण चुकीच्या अर्थाने घेतात. त्या दिवशी कुटुंब इथे राहत होतं का, हा प्रश्न असतो. आजोबा त्यानंतर मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरकडून आले असतील तर दाखला मूळ राज्यातला लागतो. त्याआधीची जातीची नोंद मिळाली तर तिच्याइतका वजनदार पुरावा नाही. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावांची नावं शाळेच्या जुन्या रजिस्टरात शोधा, तहसीलमध्ये कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची (गाव नमुना १४ची) नक्कल मागा. जुन्या कागदांवर जळगाव नव्हे, 'पूर्व खानदेश' असतं.

नोंदीत नुसतं 'मुसलमान' निघालं तर? भाऊबंदांच्या 'तडवी' किंवा 'भिल्ल' नोंदी वंशावळीसह जोडा. पण हात जोडून सांगतो, खाडाखोड करू नका. निळ्या शाईच्या 'मुसलमान'वर काळ्या शाईने 'तडवी भिल्ल' गिरवलेलं रजिस्टर मी पाहिलंय. दाखला तपासणारी पडताळणी समिती मूळ रजिस्टर मागवते, आणि मग सगळं भाऊबंद संशयात सापडतं.

पडताळणीत वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची व्हॅलिडिटी (वैधता प्रमाणपत्र) झालेली असेल तर ती सर्वांत आधी लावा. समितीचं चौकशी करणारं दक्षता पथक घरी आलं, की निकाह, नमाज लपवू नका. धर्म बदलला म्हणून जमात आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सांगितलंय. जमातीच्या चालीरीती पाळता का, जमात तुम्हाला आपलं मानते का, हे पाहिलं जातं. त्यामुळे घरात जे चालतं तेच सांगा.

आणि नुसत्या दाखल्यावर इंजिनिअरिंग-मेडिकलची राखीव जागा मिळत नाही, व्हॅलिडिटी लागतेच. निकालाची वाट न बघता अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका, पावती जपून ठेवा.