आजाऱ्यासाठी प्रार्थना (कॅथलिक प्रापंचिकांची)

कॅथलिक चर्चमध्ये दीक्षित धर्मगुरू नसलेल्या भाविकाने आजारी माणसासाठी केलेली प्रार्थना. मराठी कॅथलिक अशा भाविकाला 'प्रापंचिक' म्हणतात. फादर येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून या प्रार्थनेकडे पाहणे चूक आहे. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा तो हक्क आहे.

मर्यादा आहे ती तेलाची. आजाऱ्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना बोलवावे आणि त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) सांगितले आहे. त्यावर आधारलेला तैलाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावण्याचा विधी) हा चर्चच्या सात संस्कारांपैकी एक असून तो बिशप किंवा धर्मगुरूच देऊ शकतात. या संस्काराशी गल्लत होऊ नये म्हणून प्रापंचिकाने आशीर्वादित किंवा दुसरे कोणतेही तेल आजाऱ्याला लावू नये, असे व्हॅटिकनने 1997 मध्ये बजावले. व्हॅटिकनच्याच 2000 च्या सूचनापत्राने आरोग्यासाठी प्रार्थना करण्याची सर्वांची मोकळीक मान्य केली. मात्र अशा सभांमध्ये उन्माद आणि देखावा नको, असेही सांगितले.

तैलाभ्यंग केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, हे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) स्पष्ट केले. तरीही 'फादर आले म्हणजे शेवट आला' ही धास्ती अनेक घरांत टिकून आहे. भेटीला जाणाऱ्या प्रापंचिकाचे सर्वांत मोलाचे काम इथेच असते: ही भीती घालवून फादरांना वेळेवर बोलावणे.

खाटेजवळची प्रार्थना साधी असते. क्रुसाची खूण, शुभवर्तमानातला छोटा उतारा, प्रभूची प्रार्थना, 'नमो मरिया', जमल्यास जपमाळेचा एखादा दशक (दहा मण्यांचा भाग). ती आजाऱ्याला विचारून आणि थोडक्यात करावी. ताप चढलेल्या माणसाला लांबलचक प्रार्थना शिणवते. बरे होणे मागावे, पण त्याची हमी देऊ नये. प्रेषित पौलाने 'शरीरातला काटा', म्हणजे स्वतःला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवले, तरी तो निघाला नाही (2 करिंथ 12). आजार बरा झाला नाही म्हणून आजाऱ्याच्या विश्वासाला बोल लावणे तर क्रूरपणाच आहे.

नेमणूक झालेले प्रापंचिक ख्रिस्तप्रसादही (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) आजाऱ्याच्या घरी नेतात. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमध्ये मेणाचे हात-पाय वाहून दुसऱ्यासाठी आरोग्य मागणाऱ्यांत कॅथलिकांबरोबर हिंदूही असतात. 11 फेब्रुवारी हा लूर्द मातेचा (फ्रान्समधल्या लूर्द इथल्या मरियेचा) सण 1993 पासून 'जागतिक रुग्ण दिन' म्हणूनही पाळला जातो.

धर्मगुरू पोहोचू शकले नाहीत, तर मरणासन्नासाठीच्या प्रार्थना घरच्यांनी चालवाव्यात. त्या हळू आवाजात, अधूनमधून थांबत म्हणतात. ओठ हलत नसले तरी येशूचे नाव त्याच्या कानाशी घेत राहतात.