मिआले : परसातल्या कबरी कुठून आल्या?

दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांत, गार जिल्ह्यात मिआले हे छोटं गाव आहे. या भागातल्या जुन्या शेतघरांच्या कडेला कबरी दिसतात, काही ठिकाणी सोबत सायप्रसची झाडं. माणसं परसात का पुरली, याचं उत्तर कायद्यात आहे.

१५९८च्या नांतच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना मिळालेली मोकळीक राजा चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५मध्ये काढून घेतली. प्रार्थनामंदिरं पाडली गेली. धर्मगुरूंना पंधरा दिवसांत देश सोडायचा हुकूम झाला, बाकीच्यांना मात्र सीमा ओलांडायला बंदी. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद फक्त कॅथलिक पाद्र्याच्या वहीत. त्यामुळे चोरून लावलेलं लग्न अमान्य, मुलं अनौरस आणि कॅथलिक दफनभूमीत जागा नाही. उरली ती घरची जमीन. नागरी नोंदीचा हक्क थेट १७८७मध्ये मिळाला. घरच्या जमिनीत पुरण्याची रीत पुढेही टिकली.

उपासना रानात चाले, वाटांवर पहारे ठेवून. पकडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायची शिक्षा, बायकांना तुरुंग, धर्मगुरूला फाशी. जुलै १७०२मध्ये उठाव पेटला. बंडखोरांना कामिझार म्हणत. मार्च १७०३मध्ये सैन्याने मिआलेच्या लोकांना पेर्पिन्याँकडे हद्दपार केलं, त्याच वर्षाअखेरीस डोंगरांतल्या शेकडो वाड्या उद्ध्वस्त केल्या. बंडखोरांचा एक म्होरक्या रोलाँ ऑगस्ट १७०४मध्ये मारला गेला.

त्याचं घर मिआलेच्याच मा सुबेराँ वाडीत आहे आणि १९११पासून तिथे या प्रोटेस्टंटांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. वेळ द्यावा तो लपवायच्या वस्तूंना. घडी केली की धान्याचं पिंप वाटावं असं प्रवचनपीठ, सुटे भाग करून नेता येणारे प्रभुभोजनाचे पेले. झडती आली तर हाती काही लागू नये, म्हणून कारागिरांनी केलेली ही करामत आहे. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी इथे झाडांखाली मोठी उपासना भरते, हजारो माणसं येतात. रस्ता अरुंद आहे. फक्त संग्रहालय पाहायचं असेल तर तो दिवस टाळावा. हिवाळ्यात ते बंद असतं.

जवळच त्राब्यूकची गुहा आहे. तिच्यात चुनखडीचे इवले सुळके फौजेसारखे दाटीने उभे आहेत. खाली आंदूझमध्ये १८२३चं भव्य प्रोटेस्टंट मंदिर. शेजारच्या जेनेरार्गमध्ये १८५६ला एजेन माझेलने लावलेलं बांबूवन. आंदूझहून सँ-जाँ-द्यु-गारपर्यंतची १३ किलोमीटरची वाफेची गाडी या बांबूवनापाशी थांबते.

शरद ऋतूत जाणाऱ्यांनी गार्दों नदीच्या पात्रात तंबू ठोकू नये की गाडी लावू नये. भूमध्य समुद्रावरची दमट हवा या डोंगरांना आदळली की पाऊस एकाच जागी तासन्‌तास कोसळतो, आणि पात्र बघता बघता भरतं.