पदकतक्त्यातला ‘हौशी’ घोळ

काही देश ऑलिम्पिकमध्ये जास्त पदकं का जिंकतात, याची लोकसंख्या आणि पैसा ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. पण १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीने ४० सुवर्णपदकं नेली. त्या देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आत होती. अमेरिकेला ३४ मिळाली, यजमान कॅनडाला एकही नाही. याचा उलगडा ‘हौशी’ या शब्दापाशी होतो, कारण पूर्वी ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं.

पैशासाठी खेळत नाही तो हौशी, इतकं सरळ ते कधीच नव्हतं. इंग्लंडमधल्या हेन्लीच्या नौकाशर्यतींच्या १८७९ च्या नियमांत मजूर किंवा कारागीर हौशी ठरतच नसे. थोडक्यात, घाम गाळून पोट भरणारा नको. ऑलिम्पिकने अट जरा सौम्य केली, पण १९१२ च्या डेकॅथलॉन (दहा मैदानी प्रकारांची स्पर्धा) विजेत्याने आधी कधी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले होते, तेवढ्यावरून त्याची त्या ऑलिम्पिकमधली दोन्ही सुवर्णपदकं पुढच्याच वर्षी काढून घेतली.

१९५२ मध्ये हेलसिंकीत सोव्हिएत संघ उतरला. त्यांचे खेळाडू कागदोपत्री सैनिक किंवा विद्यार्थी. पगार नोकरीचा, दिवस मैदानावर. नियमात सगळं बसत होतं! अमेरिकी विद्यापीठांची क्रीडाशिष्यवृत्ती हीसुद्धा पळवाटच होती, पण तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नसे. आपल्या व्यावसायिक खेळाडूंना मज्जाव असल्याने कॅनडा मात्र इतका चिडला, की १९७२ आणि १९७६ च्या हिवाळी ऑलिम्पिकला त्याने आइस हॉकीचा संघच पाठवला नाही. सत्तरच्या दशकात नियम सैल होऊ लागले. १९८६ मध्ये व्यावसायिकांना घ्यायचं की नाही, हे त्या-त्या खेळाच्या महासंघावर सोपवून हात झटकले गेले.

पूर्व जर्मनीत किशोरवयीन मुलींनाही जीवनसत्त्वाच्या नावाखाली संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जात, हे बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रांनिशी उघड झालं. त्यामुळे त्या यशाची दुसरी बाजू झाकली जाते: शाळेतच मुलांची उंची, हातांची लांबी मोजून खेळ ठरवायचा आणि जिथे पदकं जास्त तिथे पैसा ओतायचा.

हा भाग इतरांनी उचललाच. माँट्रियलमध्ये एकही सुवर्ण न मिळालेल्या ऑस्ट्रेलियाने १९८१ मध्ये कॅनबेरात राष्ट्रीय क्रीडासंस्था काढली. सिडनीत, २००० मध्ये, १६ सुवर्णपदकं आली. ब्रिटनला १९९६ मध्ये जेमतेम १ सुवर्ण मिळालं. मग लॉटरीचा पैसा खेळांकडे वळला आणि २०१२ मध्ये २९ झाली. नौकानयन आणि सायकलिंगला भरभरून मिळालं. बास्केटबॉलमध्ये पदकाची आशा दिसेना, म्हणून २०१४ मध्ये त्याचा निधीच थांबवला.