पार्श्वभूमी : पंचवीस वर्षांच्या नोंदी हाताशी, भिस्त मात्र दहा वर्षांवर

पावसाळा सरता सरता ढग पांगले की हिप्परगा तलावाच्या काठावरून दक्षिणेकडे पाहावं. धनू राशीच्या खाली दक्षिण मुकुट हा छोटा तारकासमूह दिसतो. सोलापूरहून तो क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश वर चढतो. जे१९०९-३७४४ हा पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे स्पंद पाठवणारा तारा, त्याच भागात आहे. २.९५ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारणारा हा न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा) नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण जून २०२३ च्या अखेरीस गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा, पुरावा मिळाल्याची जी बातमी आली, तिच्यामागे अशाच ताऱ्यांच्या नोंदी होत्या. सोलापुरात आकाशनिरीक्षणाला जमणाऱ्यांत तो विषय अजून निघतो.

न्यूट्रॉन ताऱ्यांची कल्पना १९३४ ची, पहिला पल्सार १९६७ चा. तो टिपणाऱ्या विद्यार्थिनीला वगळून १९७४ चं नोबेल तिच्या वरिष्ठांना गेलं, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. या बातमीपुरतं खरं वळण १९८२ चं. सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा पल्सार तेव्हा सापडला आणि इतक्या नियमित ताऱ्यांचा घड्याळासारखा वापर करता येईल हे स्पष्ट झालं. गुरुत्वीय लहरींमुळे स्पंद किंचित लवकर किंवा उशिरा पोहोचतात. आकाशात दोन पल्सारांमधला कोन बदलला की त्यांच्या स्पंदांच्या या लवकर-उशिरा येण्यातलं नातं कसं बदलावं, याचं सूत्र १९८३ मध्ये मांडलं गेलं. २०२३ मध्ये शोध होता तो याच नात्याचा.

युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून केलेल्या विश्लेषणात २५ पल्सार होते. त्यांपैकी दहांसाठी पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं जोडली होती. जवळपास २५ वर्षांच्या सगळ्या नोंदी घेतल्या तर पुरावा क्षीण निघत होता. फक्त शेवटची दहा-एक वर्षं घेतली तर तो ठसठशीत झाला. भर दिला गेला तो दुसऱ्या निकालावर. जास्त वर्षांच्या नोंदींतून संकेत कमी स्पष्ट का व्हावा, आणि सोयीचा तुकडा निवडला असं कुणी म्हटलं तर काय, हे प्रश्न रास्त आहेत.

तरीही निर्णय योग्यच होता. अंतराळात विखुरलेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना रेंगाळायला लावतात आणि वारंवारता कमी असेल तितका हा उशीर वाढतो. जे१९०९-३७४४ चा स्पंद १४०० मेगाहर्ट्झला सुमारे २२ मिलिसेकंद मागे पडतो, तर ४०० मेगाहर्ट्झला सुमारे २७० मिलिसेकंद. वाटेतले इलेक्ट्रॉन कमी-जास्त होत राहतात, त्यामुळे हा आकडाही स्थिर नसतो. शोधायचा फरक मात्र मायक्रोसेकंदाच्याही एका अंशाएवढा! जुनी यंत्रणा वारंवारतांचा अरुंद पट्टाच टिपायची. त्यामुळे उशीर इलेक्ट्रॉनांचा की लहरींचा, हे तिच्या नोंदींवरून नीट वेगळं करता येत नव्हतं. शिवाय दोन्ही निकाल छापले गेले, लपवलं काहीच नाही.

खोडदचं महत्त्व इथे कळतं. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची विभागणी करून ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे एकाच वेळी नोंदवले गेले. या साडेतीन वर्षांच्या नोंदींना आपल्याकडच्या बातम्यांत एखादं वाक्य मिळालं, तेही ‘भारताचाही सहभाग’ एवढंच.

अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांचे निष्कर्षही त्याच सुमारास आले. कुणीही ‘शोध लागला’ असं म्हटलं नाही, सगळे ‘पुरावा’ या शब्दावर थांबले. ‘शोध’ म्हणण्यासाठी लागणारी पाच सिग्माची पातळी, म्हणजे संकेत निव्वळ योगायोग नसल्याची जवळपास पूर्ण खात्री, एकाही गटाने गाठली नव्हती. आता सगळ्यांच्या नोंदी एकत्र करण्याचं काम सुरू आहे, आणि जुन्या नोंदींना त्यात किती वजन द्यायचं हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.