‘लक्षच नाही ओ ह्याचं’

“लक्षच नाही ओ मॅडम ह्याचं. खेळायला सांगा, दिवसभर खेळंल.” कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली एक आई चौथीतल्या मुलाला घेऊन आली होती. मी त्याला एक गोष्ट वाचून दाखवली, प्रश्न विचारले. पटापट उत्तरं आली. मग तेच पान त्याच्या हातात दिलं. ‘रंकाळ्यावर’ या शब्दाखाली बोट थांबलं. ‘रं... का...’ आणि पुढं अंदाजानं नुसतं ‘रंकाळा’.

ऐकलेलं सगळं समजतंय, वाचताना अडतंय. मी शालेय मानसशास्त्रज्ञ, माझं काम इथून सुरू होतं. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचायला-लिहायला अडचण येते त्या स्थितीत, अक्षराची आवाजाशी सांगड घालायला मेंदूला जास्त वेळ लागतो. बुद्धी कमी असते असं अजिबात नाही. मराठीत अडचणीच्या जागाही आपल्याच. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र क आधी येतो. जोडाक्षरांचं तर विचारूच नका.

पण एवढ्यावर शिक्का मारायचा नसतो. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. १८९६ मध्ये लायटनर विटमर यांनी फिलाडेल्फियात मानसशास्त्रीय उपचारकेंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा शुद्धलेखनात अडणारा होता. त्यालाही आधी चष्मा लागला होता! मग वर्गात मागं बसून मुलाला पाहायचं, वह्या चाळायच्या, बाईंशी बोलायचं, बुद्धीच्या आणि वाचनाच्या चाचण्या घ्यायच्या. औषध आम्ही देत नाही. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. मुलानं सांगितलेलं आमच्यापाशीच राहतं. मात्र त्याच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार करत असेल, तर गप्प बसता येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं तशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या कोल्हापुरात वाचता येत नाही म्हणून एखादं पोर ‘मठ्ठ’ ठरावं, हे मला सहन होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, हे कितीतरी पालकांना माहीतच नसतं.

चाचण्या झाल्यावर आईनं हळूच विचारलं, “म्हणजे डोकं बरं हाय न्हवं त्याचं?” बरं आहे, म्हटलं. बाईंनी त्याला वर्गात उभं करून मोठ्यानं वाचायला लावणं थांबवलंय. घरी रोज वीस मिनिटं आई एक जोडाक्षर फोडते, तो जोडतो. सध्या ‘ळ्या’ चालू आहे.